खाणीशी थांबलेल्या सुनेस

तुळजापूर,
१४ ऑगस्ट

चि. देवश्री हिला बाबांचे आशीर्वाद.

आम्ही ठीक आहोत. आईंचा गुडघा जरा बरा आहे. शेजारच्या शिवगंगाबाई सकाळ-संध्याकाळ येऊन बसतात. तू तिथं वेळेवर जेवतेस ना? फोनवर बोलताना आई शेजारीच असतात, म्हणून लिहितोय.

तुझा निरोप कळला. खाणीतलं पाणी उपसायचं खाणवाल्यांनी थांबवलं, आता बोगदाही भिंत घालून बंद करणार. तरी तू तिथंच खोली घेऊन राहिली आहेस.

मागच्या दिवाळीत कैवल्यनं गच्चीवर बसून आईंना त्याचं काम समजावलं होतं. "न्यूट्रिनो नावाच्या कणांचा झोत जमिनीच्या पोटातून सातशे किलोमीटर येतो आणि आमच्या खाणीतल्या यंत्रावर पडतो. दोन्ही टोकांची जागा आम्ही उपग्रहांवरून पक्की करतो. पण खाणीत उपग्रहाचा सिग्नल पोचत नाही ना, म्हणून वरचं माप घेऊन मला खाली उतरावं लागतं."

आई म्हणाल्या, "दुसरं कुणी उतरत नाही का रे?" तो नुसता हसला.

तेच माप घेऊन तो उतरला आणि पाणी फुटलं. आई आता रोज विचारतात, "एवढ्या लांबून यंत्राची जागा वीतभरसुद्धा चुकत नाही म्हणतात, मग माझा लेक कुठं आहे ते ठाऊक असंलच की. काढत का नाहीत?" ठाऊक आहे, पण तिथवर माणूस जाऊ शकत नाही, एवढं सांगायला माझी जीभ उचलत नाही.

खरं लिहायचं ते राहूनच जातंय. देवश्री, परवा आम्ही त्याचे विधी केले. तुला न विचारता. देह मिळाला नाही की दर्भाची प्रतिमा करून तिला अग्नी देतात. उत्तरेश्वर गुरुजींनी ती हातभर केली. आई पुढं सरकल्या. म्हणाल्या, "एवढासा नव्हता तो. लांब करा." गुरुजींनी आणखी दर्भ मागवला. तो आल्यावर त्यांनी ती पुरुषभर केली. मग मी अग्नी दिला. बापानं लेकाला.

तू रागावलीस तरी चालेल. मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर आई विचारायच्या थांबतील. आज चहा घेताना पुन्हा विचारलं.

तिथं वाट पाहण्यासारखं आता काही उरलेलं नाही. इथंही नाही, तुला खोटी आशा दाखवून बोलावणार नाही. तरी ये.

ज्याला 'बाबा' म्हणणारी आता एकटी तूच, तो
मार्तंड