एकभुक्त अण्णांची गूळतुला

अण्णा, काल आमच्या गल्लीत एका गृहस्थांचं व्याख्यान होतं. दिवसातून एकदाच जेवा म्हणजे अंग हलकं राहतं, असं सांगत होते. मी अर्ध्यातून उठून आले. हेच व्याख्यान मी शुक्रवार पेठेतल्या आपल्या घरात लहानपणापासून ऐकलंय, आणि ते देणाऱ्याचं अंग किती हलकं होतं तेही बघितलंय.

एकदा खाई तो योगी, दोनदा खाई तो भोगी, तीनदा खाई तो रोगी. शाळेत मुलांना हेच, घरात आम्हाला हेच, आणि गणपतीत गिरणीतल्या लोकांनाही हेच. ज्यांना दोन वेळची भाकरी कशीबशी मिळायची, त्यांना तुम्ही एक वेळ सोडायला सांगत होतात. धन्य तुमची! आणि स्वतःचं काय? दुपारी बाराला एकदाच जेवण, हे खरं. पण सकाळी आटीव दूध आणि राजगिऱ्याचे लाडू, चार वाजता केळी नि खजूर, दिवेलागणीला तूप सोडलेली भगर आणि वर दाण्याची आमटी. ते जेवण नव्हे, तो फराळ! फराळ खाण्यात धरायचा नसतो, असं तुम्ही आम्हाला तोंड वर करून सांगायचात.

आई बाळंतपणांनंतर सुटली होती. चरबी झडावी म्हणून तिलाही तुम्ही एकभुक्त केलंत. तिला मात्र फराळ नाही. "बायकांना जिभेचे चोचले कशाला?" पहाटे उठून ती तुमचे लाडू वळायची, सगळ्यांची जेवणं आटोपून तीनच्या सुमाराला पानावर बसायची, आणि मग दिवसभराची भूक एका ताटात यायची. तुम्ही येऊन बघायचात. "एकदाच जेवते म्हणे! भाकऱ्या बघा." आईचा हात तिथंच थांबायचा. तिचं अंग काही उतरलं नाही. पाण्याची घागर उचलताना मात्र तिला धाप लागायला लागली, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली.

मग तुमची साठी आली, आणि गूळतुलेची हौस. मला तो दिवस अजून दिसतो. देवळात मोठा तराजू टांगलाय. जरीकाठी उपरणं घेऊन तुम्ही एका पारड्यात बसलाय, तुमचे जुने विद्यार्थी दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा ठेवतायत. आणलेल्या ढेपा संपल्या, तरी तुमचं पारडं जमिनीला टेकलेलंच. गूळवाले शेठ दुकानातून आणखी ढेपा घेऊन आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मास्तर, एकदाच जेवता, पण लई मन लावून जेवता की!" सगळं देऊळ हसलं. मीही पोट धरून हसले.

तेवढ्यात मागं भांडी पडल्याचा आवाज झाला. पहाटेपासून पोटात काही न घेता पंगतीचा स्वयंपाक करणारी आई चुलीजवळ कोसळली होती. पाहुण्यांतले डॉक्टर धावले. ती जरा शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "यांना थोडं थोडं, पण चार वेळा खायला द्या. पोट रिकामं ठेवू नका." तुम्ही पारड्यातून उठलासुद्धा नव्हतात. तिथूनच म्हणालात, "चार वेळा? आधीच अंग बघा तिचं!" लाज कशी वाटली नाही हो? त्या दिवसापासून मला तुमची किळस आली, ती गेली नाही.

तुम्ही गेल्यावर आईला मी माझ्या घरी आणलं. पहिल्याच रात्री गरम भाकरी, दूध वाढलं. ती नुसती पानाकडं बघत बसली.

"खा की गं आई. आता कोण बोलणारंय?"

"सवयच गेली गं. घास उतरत नाही," म्हणाली आणि रडायला लागली.

मी रोज रात्री वाढायचे, ती रोज घासभर खाऊन ताट सारायची. वर्षाच्या आत गेली. लोक म्हणाले, नवऱ्यामागं गेली, केवढी निष्ठा! डोंबलाची निष्ठा. तुम्ही तिला उपाशी ठेवून मारलंत, अण्णा, आणि वर योगी म्हणून मिरवलात.

हे पाठवायचं तरी कुठं? आणि पोचलंच तरी तुम्ही एवढंच म्हणाल की पोरीची जीभ सुटलीय. एक मात्र सांगते. घर माझं, चूल माझी, मला टोकणारं कोणी नाही. तरी रात्री पानावर बसले की पहिला घास उचलायच्या आधी मी दाराकडं बघून घेते.