दऱ्या आणि दर्या

प्रिय बाबा,

काल कॅसेट कंपनीच्या मालकांचा मुलगा वारज्याला घरी येऊन गेला. जुनी गाणी आता मोबाइलवर ऐकवणार म्हणे, जुन्याच कव्हरांसकट. तुमच्या माघारी, चित्रकाराची मुलगी म्हणून परवानगीच्या कागदावर माझी सही हवी होती. यादीतलं पहिलंच नाव वाचलं आणि माझा हात थांबला. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

किती कव्हरं केलीत तुम्ही! भावगीतं, भारुडं, लावण्या, आरत्या. कॅसेट आधी दोन्ही बाजूंनी ऐकायची, मगच ब्रश हातात. "न ऐकता काढलेलं चित्र म्हणजे मुलगी न बघता छापलेली पत्रिका," म्हणायचात. चित्र झालं की ते ओट्यावर उभं करून दारातून बघायचात, कारण दुकानात गिऱ्हाईक तेवढ्याच अंतरावरून बघतं. तोवर आईचा कुकर खोळंबलेला.

आणि तुमचं अक्षर! लावणीच्या नावातली वेलांटी अशी वळायची, की ठसका न ऐकताच कळावा. आरत्यांची शिरोरेघ मात्र कशी शांत, सरळ. मला फार अभिमान वाटायचा. तुम्हाला कधी सांगितलं का मी ते?

मग आली 'दऱ्याखोऱ्यांतली गाणी'. स्कूटरवरून पडून तुमचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. चित्र तयार होतं, नाव लिहायचं राहिलेलं, आणि कंपनीला घाई. मला हिंजवडीत नुकतीच नोकरी लागलेली, घरात नवा कॉम्प्युटर, त्यात मी अतिशहाणी. तुम्ही झोपला होतात. मी नाव टाइप केलं आणि तुम्हाला न दाखवताच कंपनीत देऊन आले. त्या फॉन्टमध्ये आपला 'ऱ्य' नव्हताच. छापून आलं, 'दर्याखोर्यांतली गाणी'.

तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "वा. डोंगरातली गाणी समुद्रात बुडवलीस."

मला एवढंच बोललात. मालकांनी फोनवर झापलं तेव्हा मात्र त्यांना म्हणालात, "चूक माझी आहे." का बाबा? कव्हरवर तुमचं नाव छापायची ती पहिलीच वेळ, आणि ते नेमकं माझ्या चुकीखाली. त्यानंतर त्यांनी तुम्हाला काम दिलं नाही. मी गप्प बसले, त्याची लाज अजून वाटते.

प्लास्टर निघाल्यावर तुम्ही ते नाव पुन्हा हाताने लिहून काढलंत. कुणी मागितलं नव्हतं. तो कागद मी जपून ठेवला आहे.

काल त्या मुलाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या ना ताई, आता कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," म्हटलं, आणि परवानगीचा कागद सही न करताच परत दिला.

बाबा, त्या चित्रावर तुमचं अक्षर बसल्याशिवाय मी सही करणार नाही. आणि सही करीन तेव्हा खाली लिहून देईन, की चूक चित्रकाराची नव्हती, त्याच्या मुलीची होती.

तुमची,
मुक्ता