रक्त चांगलं आलं

१२ फेब्रुवारी १९९६

पुन्हा डाग. महिना होत आला. चार वर्षांपूर्वी बंद झालेलं प्रकरण सत्तावन्नाव्या वर्षी उघडतंय – शहाणपण म्हणावं का याला! भामावहिनींना कळलंच. थोरल्या जाऊबाई त्या, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. "कावला शिवला का गो परत? म्हातारपनी नवरी झालीस," म्हणाल्या आणि देवघरातून उठवलं. जन्मभर शाळेत पोरांना उठवलं-बसवलं, पण या घरात देवाच्या बाबतीत शब्द त्यांचा. एक दिवस मी, एक दिवस त्या अशी पूजा असायची. आता रोज त्याच.

१५ फेब्रुवारी

संजनाने, माझ्या सुनेने, डॉक्टरीणबाईंकडे ओढून नेलं. बाई म्हणाल्या, पाळी गेल्यावर जातं ते पाळीचं नव्हे. पिशवीचा कॅन्सर नाही ना, ते बघू. वाणसामान सांगावं तसं सांगितलं. मला बरंच वाटलं. पिशवीतला तुकडा काढून तपासणार. शिवाय रक्तात एक प्रोटीन असतं, सीए एकशे पंचवीस, ते मोजणार. त्याची सोय पनवेलला नाही.

घरी सांगितलं तर भामावहिनी तांदूळ निवडताना थांबल्या. "पालीचं नाय म्हंजे?" मी परत सांगितलं. त्यांनी परत विचारलं. कानाने कमी येतं बहुतेक.

१९ फेब्रुवारी

तुकडा काढला. भूल उतरल्यावर ओकले. रक्ताची बाटली आमच्या चहाच्या थर्मासात, बर्फ घालून, माझा लेक कुमार मुंबईला घेऊन गेला. भामावहिनींनी जाहीर केलं – त्या थर्मासातला चहा या जन्मी पिणार नाही. तो हसला.

२४ फेब्रुवारी

रक्ताचा रिपोर्ट आला. अठरा. पस्तिसाच्या आत म्हणजे नॉर्मल. "रक्त चांगलं आलं" – भामावहिनींनी आळीभर केलं. स्वतः जाऊन पेढे आणले. थर्मासातला चहासुद्धा प्यायल्या! आम्ही दोघी आयुष्यभर आमटीतल्या मिठावरून भांडलो, आणि आज माझ्यापेक्षा आनंद त्यांनाच.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, नुसत्या रक्तावर जाऊ नका. वाढलं तर शंका घ्यायची, पण वाढलं नाही म्हणून आजार नाही असं नसतं. तुकड्याचा रिपोर्ट येऊ दे. तेव्हा मात्र भीती वाटली. घरी बोलले नाही. पेढे अजून संपायचे होते.

२९ फेब्रुवारी

कॅन्सर आहे.

१ मार्च

लवकर सापडला म्हणतात. रक्तातला आकडा कमी ते चांगलंच, बाहेर पसरला नसावा. पिशवी काढली की बहुधा निभावेल. म्हणजे पेढे अगदीच वाया गेले नाहीत.

संजना रडली. भामावहिनी एकच धरून बसल्यात – "पन रक्त चांगलं आलतं ना गो?" किती वेळा समजावलं. तिसरीच्या पोरांना भागाकार शिकवताना इतकी दमले नव्हते. शेवटी चिडले – "कॅन्सर मला झालाय, तुम्हाला नाही." त्या जेवल्या नाहीत. बोलायला नको होतं, पण बोलले.

४ मार्च

उद्या ऑपरेशन. आज दवाखान्यात दाखल व्हायचं. कपड्यांची पिशवी भरत होते तर भामावहिनी आल्या. दार लोटून घेतलं.

"डाक्टरनीला माजंपन इचार गो बाय. मना दिवालीपासून जातंय. बाजूला नाय बसले, कोनाला बोल्ले नाय. पूजा चालूच ठेवली. तुजं रक्त चांगलं आलं तवा वाटलं, माजंपन चांगलंच असंल."

मी म्हटलं, "भामा, लुगडं बदल. माझ्याबरोबर चल."