पालथं लावलेलं पाकीट

प्रिय दादा,

तुझं पाकीट पोचलं. म्हणजे दोन महिन्यांपूर्वीच पोचलं. मी ते अजून उघडलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर इकडचं तिकडचं लिहिण्यात ते राहून जाईल आणि तू शेवटपर्यंत वाट बघत बसशील. चिडू नकोस. चिडलास तरी वाच.

उन्हाळ्यात तुला जिथून कार्ड टाकलं होतं, त्याच गावात आहे मी अजून. इतके दिवस एका जागी टिकले याचं माझं मलाच नवल वाटतं. ग्रंथालयात काम मिळालंय. खुर्च्या मांडायच्या, खुर्च्या उचलायच्या, परत आलेली पुस्तकं कपाटात लावायची, पायऱ्यांवरची पानं झाडायची. पानांचं असं आहे की मी खालच्या पायरीवर पोचते तोवर वरची पायरी पुन्हा भरलेली. ग्रंथपालबाई म्हणतात, अगं, झाडतेस कसली, नुसती हाकलतेस. राहायला मागची खोली दिलीय. तिथे पूर्वी नकाशे ठेवायचे. एक अजून भिंतीवर आहे. त्यात आपलं गाव शोधलं, सापडलं नाही. बरोबर घडीवर आलंय, कागदच विरलाय तिथे.

तर काय सांगत होते? हां, शनिवार. इथे पानगळ सुरू झाली की लागोपाठ चार शनिवार ग्रंथालयात सगळ्या गावासाठी काहीतरी असतं. का, ते कुणाला नक्की माहीत नाही. न्हाव्याचं म्हणणं, या दिवसांत लवकर अंधारतं आणि लोकांना घरच्यांची तोंडं बघून कंटाळा येतो.

पहिला शनिवार दुरुस्तीचा. लोकांनी घरातलं मोडकंतोडकं आणायचं आणि ज्याला जे येतं त्याने ते नीट करून द्यायचं. प्लंबर बसला होता, शिवणकामवाल्या मावशी बसल्या होत्या. बाईंनी मला विचारलं, तुला काय येतं? मी म्हटलं, काही नाही. तेवढ्यात त्यांचा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. मी सवयीने तो मागून घेतला, दांडी गरम पाण्यात धरली, जराशी वाकवली. तासाभराने सगळ्यात लांब रांग माझ्यासमोर होती. एकोणीस चष्मे, दादा. स्क्रू आवळताना मी श्वास रोखत होते, बाबांनी शिकवलं तसं. आणि वरून बिनरंगी नेलपॉलिशचा एक ठिपका, म्हणजे स्क्रू पुन्हा ढिला होत नाही. पोस्टातून निवृत्त झालेल्या एक आजी आहेत, सगळं गाव त्यांना पोस्टवाल्या आजी म्हणतं. त्यांनी विचारलं, कुठे शिकलीस गं हे? मी म्हटलं, असंच, फिरता फिरता. का तसं म्हटलं कुणास ठाऊक. आमचं चष्म्याचं दुकान आहे, काउंटरमागे स्टुलावर उभी राहून बाबांच्या कोपरापाशी शिकले, असं म्हणायला माझं काय जात होतं?

दुकान आता तूच उघडतोस का रे? बाबा येतात का? हे प्रश्न लिहिले आणि लक्षात आलं, उत्तरं बहुधा माझ्या खिशातच आहेत.

दुसऱ्या शनिवारी लहान मुलांनी गुरांच्या डॉक्टरांच्या कुत्र्याला गोष्टी वाचून दाखवायच्या होत्या. कुत्रा पहिल्या गोष्टीलाच झोपला आणि घोरायला लागला. मुलं त्याच्यावर इतकी खूश, की घोरणं वाढेल तशी मोठ्याने वाचत होती. त्यावर आणखी दोन पानं लिहू शकते, पण नको. मी मुद्द्यावर यायचं टाळतेय हे तुला कळलं असेल. मलाही कळतंय.

तिसरा शनिवार अर्धवट पुस्तकांचा. जे पुस्तक आपण मध्येच सोडलं ते घेऊन यायचं आणि ज्याने ते पुरं वाचलंय त्याने पुढे काय होतं ते सांगायचं. माझ्याकडे अर्धवटांची काय कमी? एका समुद्रप्रवासाच्या पुस्तकाचं नाव सांगितलं, एक्केचाळिसाव्या पानावर सोडलेलं. जन्मभर बस चालवलेले एक काका होते, त्यांनी ते वाचलेलं. म्हणाले, शेवट काही खास नाही, पोचतात. मी म्हटलं, मग वाचायचं कशाला? तर म्हणे, तीस वर्षं बस चालवली मी, शेवटच्या स्टॉपपर्यंत बसणारे चारच जण असायचे, पण म्हणून काय बस अलीकडे उभी करून घरी जायचं? सगळे हसले. मीही हसले. मग एकदम आठवलं. त्याच पुस्तकात, त्याच एक्केचाळिसाव्या पानावर, मी तुझं पाकीट खूण म्हणून घातलं होतं, आणि पुस्तक परत करून आठवडे झाले होते. विसरले होते असं म्हणते. खरंच विसरले होते का, ते मला सांगता येत नाही. रात्री कपाटातून ते पुस्तक काढून पाहिलं, पाकीट नव्हतं.

तू कार्डावर तीन ओळींत वर्ष उरकणारा माणूस. तू पाकीट कशाला पाठवशील? आणि तेही एवढं जाड? ते हातात आलं तसं मी ते सरळ पुस्तकात सारलं. मी घरातून निघाले त्या सकाळी तू दुकानात होतास, म्हणून तुला नेमकं माहीत नाही. बाबा ओरडले नाहीत. टेबलाशी बसून भिंगं पुसत होते. मान वर न करता म्हणाले, जा, तुझ्या पायाला भिंगरीच आहे, पण तुला परत आणायचं तर या घरात कुणाला तरी मरावं लागेल, त्याशिवाय काही तू यायची नाहीस. मी म्हटलं, बघू. दीड वर्ष झालं, तो एक शब्द पाठ सोडत नाही. तेव्हा पाकीट उघडलं असतं आणि आत तसंच काही असतं, तर मी रडत धावत आले असते आणि बाबांचं म्हणणं खरं झालं असतं. तसं काही नसतं तर आले असते का? हेच कळत नव्हतं. उघडावं तरी पंचाईत, न उघडावं तरी. एकदा ग्रंथालयाच्या फोनवरून आपल्या घराचे सहा आकडे दाबले, सातवा दाबला नाही. हे वाचून तू म्हणशील, कसलं दगडाचं काळीज हिचं. दगडाचं असतं तर बरं झालं असतं, असं वाटतं कधी कधी.

चौथा शनिवार आजचा. याला इथे खुणांची दोरी म्हणतात. वर्षभरात परत आलेल्या पुस्तकांत जे जे सापडतं ते बाई एका पेटीत ठेवतात: तिकिटं, फोटो, सुकलेली पानं, एक केसांची पिन, एक एक्स-रेसुद्धा. आजच्या दिवशी ते सगळं वाचनकक्षात दोरीवर चिमट्यांनी टांगायचं. ज्याची खूण त्यानेच काढायची, इतर कुणी हात लावायचा नाही, आणि काढताना ती काय आहे ते एका वाक्यात सांगायचं. उरेल ते ट्रंकेत, कायमचं. टांगायचं काम माझं. पेटीच्या तळाशी तुझं पाकीट. वर माझं नाव, तुझ्या त्या कागद फाडणाऱ्या दाबाच्या अक्षरात. मी नुसती बघत राहिले. बाई शेजारीच चिमटे मोजत होत्या. त्यांनी पाहिलं, आणि म्हणाल्या, तेही लाव, पालथं लाव. आणि पुन्हा चिमटे मोजायला लागल्या.

मग काय, गावभर तर्क. बंद पाकीट पहिल्यांदाच आलं होतं दोरीवर. प्लंबर म्हणाला, लग्नाची मागणी असणार, जिने उघडलं नाही ती नशीबवान, सुटली. शिवणकामवाल्या मावशी म्हणाल्या, तुझ्या बायकोने उघडलं ना, मग बोलू नकोस. मी खुर्च्या लावत होते. लावलेल्याच पुन्हा लावत होते. एकेक खूण उतरत गेली. एक्स-रेवाल्याने सांगितलं, हा माझा पाय, त्याच्यामुळे मी तीन कादंबऱ्या वाचल्या. दोन वाजता दोरीवर तीनच वस्तू राहिल्या आणि बाईंनी ट्रंक ओढून आणली. तिचं झाकण उघडताना जो आवाज झाला तो अगदी आपल्या दुकानाच्या शटरसारखा होता. म्हणून असेल, किंवा कशामुळे ते माहीत नाही, मी खुर्ची ठेवली आणि पाकीट काढलं. एक वाक्य सांगायचं होतं. मी म्हटलं, माझ्या दादाचं आहे, मी वाचलेलं नाही. कुणी हसलं नाही. बसवाले काका म्हणाले, आमच्या डेपोतून रविवारी सकाळी सातला गाडी आहे.

आता पावणेचार झालेत. वाचनकक्षात बसून हे लिहितेय. घरी यायला उद्याच्या गाडीचं तिकीट मघाशीच काढून आणलंय, आणि पाकीट अजून बंद आहे. पोस्टवाल्या आजींना मुद्दाम दाखवलं. त्यांनी मी दुरुस्त केलेला चष्मा लावून सगळ्या कडा तपासल्या आणि म्हणाल्या, कुणी विचारलं तर साक्ष देईन. हे पत्र पाचच्या आत पोस्टात पडलं तर त्यावर आजचा शिक्का बसेल. ते आधी पोचेल की मी, सांगता येत नाही, बहुतेक मीच पोचेन. पण मला पत्र नकोय रे, शिक्का हवाय. तुझ्या पाकिटात काय आहे हे ठाऊक नसताना मी निघाले, कुणी मरायची वाट बघितली नाही, याचा तेवढा एकच पुरावा माझ्याकडे आहे. पाकीट तसंच घेऊन येते, बाबांच्या समोर उघडेन. तू शिक्क्यावरची तारीख त्यांना दाखव. नीट दिसली नाही तर भिंग लावून दाखव. आणि दाखवायला ते नसतील, तर दादा, तू बघ.

तुझीच,
भिंगरी