पट्ट्यावरची जाळी

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला थोडं थांबावं लागतं. पण दवाखान्याच्या दारातलं तुमचं बोलणं मात्र लगेच ऐकू येतं. "काय झालं ते मग सांग. आधी काम काय करतोस ते सांग." बोईसरच्या त्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात तुम्ही कंपाउंडर होता आणि डॉक्टरांनी सांगितलेलं नसतानाही वहीत प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं काम लिहायचात. मिठागरातली माणसं यायची ती पायांच्या जखमा घेऊन, मीठ त्या भरूच द्यायचं नाही. दांडीहून येणाऱ्या कोळ्यांचे हात माशाच्या काट्यानं सुजलेले असायचे. भातगिरणीतले खोकत यायचे. मग एकोणीसशे साठनंतरच्या त्या वर्षांत किनाऱ्याकडे मोठं बांधकाम निघालं, त्याला खडी लागू लागली आणि तुमच्या बाकावर डोळ्यांत कच गेलेली, बोटं चेचलेली माणसं दिसायला लागली. खडीवर माणसं मिठागरापेक्षा कितीतरी कमी, तरी बाकावर जास्त तीच, हे तुम्ही मला वही उघडून दाखवलं होतंत.

मला ते आवडलं नव्हतं, कारण मी दगड फोडणाऱ्या त्याच खडी मशीनवर हजेरी कारकून होतो. बाविशीत लागलेली पहिली नोकरी. जेवताना मी ताठ्यात म्हणालो, "आमच्या अपघाताच्या पुस्तकात तर वर्षभरात दोनच नोंदी आहेत." आई भाकरी थापता थापता थांबली. तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "तुझ्या पुस्तकात दुसऱ्या दिवशी कामावर येऊन सांगणारे असतात. न आलेले माझ्याकडे असतात."

पुढच्याच आठवड्यात बेटेगावकडची एक बाई मशीनच्या पट्ट्यात सापडली. पावसाळ्यापुरती डोंगरउतारावरची शेती आणि एरवी खडीची पाटी, असं तिचं चालायचं. उजव्या हाताची दोन बोटं गेली. तिला बैलगाडीतून तुमच्याकडे पाठवलं आणि मुकादम माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. तो काही वाईट माणूस नव्हता. "लिही, घरी लाकडं तोडताना कोयता लागला. नायतर मशीन बंद करतील, सगळ्यांचंच काम जाईल." मी तसं लिहिलं. खाली सहीही केली.

त्या संध्याकाळी तुम्ही मला ओसरीवर बसवलंत; कोयत्याची नोंद तुमच्या कानावर आली होती. ओरडला नाहीत. "कोयत्यानं कापलं की कड सरळ येते," तुम्ही म्हणालात. "ही बोटं चिरडलेली आहेत. त्या पट्ट्यावर जाळी नाही ना? उद्या तिथं दुसरी कुणी उभी राहील. तिच्यासाठी काय लिहायचं, तेही आत्ताच ठरवून ठेव." एवढं बोलून तुम्ही आत गेलात. मला तुम्ही मारलं असतंत तर बरं वाटलं असतं.

महिन्याभरानं सरकारी तपासनीस आले. अपघाताचं पुस्तक त्यांच्यापुढे उघडं आहे, मी शेजारी उभा आहे. मुकादम चहा मागवतो आहे. फाटकातून ती बाई चालत येते, हाताला तुम्ही बांधलेली पट्टी. तिला कुणी बोलावलेलं नाही.

"साहेब, माजं घरी नाय लागलं. हितं, ह्या पट्ट्यात गेली बोटं."

तपासनीसांनी नोंद वाचून दाखवली. ती जरा हसलीच. "कोयता मी ह्याच हातात धरतंय. मंग ह्याच हाताची बोटं कशी तुटतील?"

तपासनीसांनी माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्ही लिहिलंत?" मी मान हलवली. "खरं आहे?" मी नकारार्थी मान हलवली.

पंधरा दिवसांत पट्ट्यावर लोखंडी जाळी बसली. मशीन बंद झालं नाही, कुणाचं काम गेलं नाही. माझी नोकरी तेवढी गेली आणि तिला पाण्याच्या टाकीवरचं हलकं काम मिळालं. मी पालघरला एका वखारीत लागलो. तुम्ही मात्र दवाखान्यात येईल त्याला सांगत राहिलात, "खडी मशीनवर जाळी बसली ना, ती आमच्या मुलानं साहेबासमोर खरं सांगितलं म्हणून." मी समोर असलो की माझ्या खांद्यावर हात ठेवायचात. आजारपणात, बोलणं जड झालं होतं तेव्हाही, भेटायला आलेल्या डॉक्टरांना तुम्ही हेच ऐकवलंत.

अण्णा, हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणूनच लिहिता येतं आहे. खरं तिनं सांगितलं होतं. मी नुसती मान हलवली, आणि तुमचा हात खांद्यावरून निघू नये म्हणून तुम्हाला कधी तसं म्हणालो नाही.