दगडानं प्यालेला गुलाल

१४ नोव्हेंबर २००५, सायंकाळी
कापूस खरेदी केंद्र आपल्या गावाला मंजूर. कागद यायचा आहे, पण विजय हा विजय असतो. पिण्याच्या विहिरीच्या काठावर उभं राहून दीड तास बोललो. पॅरिसपासून चंपारणपर्यंत सगळं घेतलं. 'हा ज्वालामुखी' म्हणताना हात जोरात फिरला आणि काठावरची गुलालाची पोती विहिरीत गेली. पोती तिथे कोणी ठेवली, याची चौकशी लावणार.

१५ नोव्हेंबर
पाणी गुलाबी. किरकोळ बाब. इंजिन लावून विहीर उपसायची. तोवर लोकांनी विमलताईंच्या बोअरवरून पाणी आणावं, असं सरपंच म्हणून जाहीर केलं. विमलताई माझ्याविरुद्ध निवडणूक हरल्या होत्या. त्यांनी लगेच मोटर सुरू केली. प्रचाराची ही त्यांची पद्धत.

१८ नोव्हेंबर
तळ दिसला, पोती काढली. नवं पाणी काचेसारखं. तातडीने सभा: जनशक्तीपुढे काहीही टिकत नाही. टाळ्या. बोअरवर जाणं बंद.

२३ नोव्हेंबर, सकाळी
पाणी पुन्हा गुलाबी. विरोधकांचं काम. पहारा बसवला.

२४ नोव्हेंबर
पहाऱ्यावर मीच होतो. कोणी आलं नाही. पाणी आणखी गुलाबी.

२६ नोव्हेंबर
पुतणी भैरवी आली. अमरावतीला जिऑलॉजी शिकते. म्हणाली, काका, पाणी उपसलं, दगड कुठे उपसला? खडकाला म्हणे न दिसणारी छिद्रं असतात, त्यांत पाणी भरलेलं असतं. रंग जास्त असेल तिकडून कमी असेल तिकडे सरकतो. गुलाबी पाणी होतं तेव्हा तो खडकात शिरला. विहीर स्वच्छ झाली तसा उलटा निघाला. शिरला चार दिवसांत, सगळा निघायला कितीतरी महिने. तिचे सर जड हायड्रोजनचं पाणी, म्हणजे साध्या पाण्यातून वेगळं ओळखता येणारं, खडकाला लावून ते किती खोल जातं हे मोजतात. रोज अगदी थोडं जातं म्हणे. या गतीने जगात एकही क्रांती झालेली नाही, हे मी उदाहरणांसह समजावलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण काका, दगड कायले भाषण आयकन?"
वाचन कमी आहे तिचं.

३० नोव्हेंबर
दुसरा उपसा. पाणी स्वच्छ. विजयसभा, पण छोटी.

५ डिसेंबर
फिकट गुलाबी. 'फिकट' हा शब्द अहवालात ठळक केला.
कुंदा मागच्या दाराने बोअरवर जाते, हे आज कळलं. सरपंचाची बायको. तिला तत्त्व समजावलं: सार्वजनिक विहीर सुटली की अख्खं गाव एका घराच्या मोटरीवर. उद्या त्यांनी बटण दाबलं नाही तर? म्हणाली, "बराबर हाय. पण मले आज तहान लागते. तुमाले भाषणानं भागत असन."

९ डिसेंबर
तिसरा उपसा. इंजिन जळालं. संघर्षात अशी हानी होतेच.

१२ डिसेंबर
ग्रामसभेची मागणी आली. बोअरवरून गावात नळ आणायचा आणि विहीर बंद करायची. गावाच्या मालकीची हीच एक वस्तू उरली आहे. भाषण लिहायला घेतलं. हे आयुष्यातलं सर्वोत्तम होणार.

१५ डिसेंबर
झालं. पाऊण तास बोललो. विहिरीचं पाणी निर्धोक आहे, मी स्वतः प्यायला तयार आहे, असं ठणकावलं. मागच्या रांगेतले म्हातारे रामराव उठले आणि विहिरीतून पेला भरूनच घेऊन आले. तसं पाहिलं तर रंग नव्हता. निरखून पाहिलं तर होता. ठरावाआधी अध्यक्षाने पाणी पिणं म्हणजे मतदारांवर दबाव, म्हणून पेला टेबलावर ठेवला. रामराव म्हणाले, "ठेवा, ठेवा. थंड होऊ द्या."
मतदान. माझ्या बाजूने एक हात. मोजला तर माझाच. कुंदाचा पलीकडे होता, आणि चांगला उंच.

२० डिसेंबर, सकाळी
घागर घेऊन बोअरवर गेलो. निव्वळ पाहणीसाठी. रांग शांत होती, म्हणून सार्वजनिक पाण्याच्या इतिहासावर दोन शब्द सुरू केले. विमलताई म्हणाल्या, "भाऊ, बोलत नका राहू. मांगं बाया उभ्या हायेत. घागर लावा."
लावली.