मार्तंडरावांच्या तलावातला पांढरा थर

वेसावे, मे १९८४

आदरणीय मार्तंडराव,

साष्टांग नमस्कार. (तुमच्या तलावाकाठची काळी फरशी इतकी गुळगुळीत आहे की तो रोज एकदा आपोआप घडतो.) वहिनींचा गुडघा आणि मस्कतचा उकाडा दोन्ही आवाक्यात असतील अशी आशा आहे.

तुम्ही जाताना म्हणालात, बंगला सांभाळा, तलावाकडे तेवढं बघा आणि मजा करा. मुलुंडच्या दोन खोल्यांत एका बादलीत आंघोळ उरकणाऱ्या माणसाला तुम्ही अख्खा पोहण्याचा तलाव दिलात, तोही विहिरीच्या पाण्याचा. त्या पाण्यात चुना किती! उन्हाने पाणी उडून जातं, चुना मात्र जुन्या भाडेकरूसारखा जागा सोडत नाही. निळ्या टाइलींवर पाण्याच्या रेषेला पांढरा थर असा धरला की घासून घासून माझा खांदा उतरला. शेवटी तुमच्या बहिणीने, कुंदाने, तांब्याच्या भांड्यांना लावतो ती चिंच कोळून लावली. थर सुटला, पण तलावाचं सार झालं. (चव घेतलेली नाही.)

दारावर मासळी घेऊन येणारी सोनूबाई हे बघून हसली नाही, तेच मला खटकलं. म्हणाली, "विहीर साती आसरांची हाय. बायांची ओटी न भरता पानी घेतलं, मग काय होनार?" तुम्ही तलावासाठी आर्किटेक्ट आणलात, इंजिनिअर आणलात, पाण्यातल्या बायांना तेवढं विचारायचं राहिलं. मग भावाच्या घरची माहेरवाशीण म्हणून कुंदाने हिरव्या बांगड्या, खण, नारळ घेऊन विहिरीची ओटी भरली. इथवर ठीक. पण हळदीकुंकू वाहून झाल्यावर जन्माच्या सवयीने ती पाण्याकडे बघून म्हणाली, "या हं एकदा घरी, सगळ्याजणी."

दुसऱ्या दिवशी काठावरच्या फरशीवर पांढरी पावलं होती. (ओलं पाऊल वाळलं की चुना उरतो, हे शास्त्र झालं. पाऊल कोणाचं, ते शास्त्रात नाही.) अनवाणी, बायकांची, सात जोड्या, बोटं बंगल्याकडे. मी पुसून काढली. मग पायरीवर उमटली, मग व्हरांड्यात, आणि मग दिवाणखान्यात, तुमच्या सोफ्यासमोर अर्धगोल करून, बायका हळदीकुंकवाला बसतात तशी. मला भीती वाटली, स्पष्ट लिहितो. कुंदाला म्हटलं, चल मुलुंडला. तर म्हणते, पाहुण्या घरात असताना यजमानीण जाते का कुठे? हल्ली ती दिवाणखान्यात एकटी बसून कोणाला तरी कैरीच्या लोणच्याची कृती सांगत असते. केस सदा ओले. हाक मारली तर आधी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघते, मग माझ्याकडे. मार्तंडराव, मला माझी बायको घरी न्यायची आहे, दुसरं काही नको.

तलावापुरता मात्र मी जिंकलो. अंधेरीच्या एका क्लबात तलावाची देखभाल बघणारे शिवदास भेटले. त्यांचं म्हणणं, थर खरवडण्यापेक्षा तो धरूच द्यायचा नाही. विहीर बंद करून टँकरचं गोडं पाणी घेतलं. दुपारी वर ताडपत्री टाकतो, म्हणजे पाणी उडत नाही. आठवड्याला ब्रश फिरवतो, आणि पाणी तपासून मापाने ॲसिड. आता टाइली झकास आहेत. पावलंही बंद झाली.

वहिनींना नमस्कार.

आपला,
नंदकिशोर

ता. क. पावलं बंद झाली म्हणजे उमटायची बंद झाली. गोडं पाणी डाग ठेवत नाही. फरशी रोज ओली असतेच, आणि काल आमच्या खोलीचा उंबराही ओला होता. पूर्वी निदान कुठवर आल्यात ते कळायचं. तेव्हा मुद्द्याचं लिहितो. विहिरीचं पाणी परत सोडायची परवानगी द्या. टाइलींची वाट लागली तरी चालेल. आणि जमलं तर स्वतः या, कुंदा तुमचं ऐकते.

ता. क. दादा, मी कुंदा. हे पाकीट टाकायला माझ्याकडेच देऊन गेले, म्हणून दोन ओळी. ह्यांचं मनावर घेऊ नकोस. विहिरीचं पाणी मात्र नको रे, त्याने टाचा खरखरीत होतात, सगळ्याजणींची तीच तक्रार आहे. तू सावकाश ये. आम्ही आठजणी मजेत आहोत.